जोजोबा तेल: नागपूरच्या उन्हात चेहऱ्याला, केसांना लावून पाहिलंय का कुणी?

उन्हातली सावली
१४ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी मानेवाड्याहून रोज हिंगणा एमआयडीसीत जाते, गाडीवर. येताना पाचचं ऊन तोंडावर असतं, आणि एप्रिलातलं पाचचं ऊन काय चीज आहे हे इथल्या लोकांना सांगायला नको. स्कार्फ, गॉगल, हातात बाह्या, सगळं करते. तरी घरी येऊन चेहरा धुतला की गाल ओढल्यासारखे होतात. हसलं तरी चरचरतं. ऑफिसात दिवसभर एसी, घरी बोअरचं पाणी. त्या पाण्याने केस धुतले की सुंभासारखे होतात, कंगवा फिरत नाही.

मामेबहिणीने जोजोबा तेलाची बाटली आणून दिली. म्हणाली, हे लाव, सगळ्यावर चालतं. आठ दिवस झाले लावून राहिली आहे. रात्री कूलरसमोर बसून चेहऱ्यावर चांगलं चोपडते आणि झोपते. गाल आहेत तसेच, उलट कपाळावर बारीक पुळ्या आल्या. केसांना मुळापासून लावलं तर दोनदा शांपू करूनही चिकटपणा जाईना.

बाटलीवर लिहिलंय की केसगळती थांबते, नवीन केस येतात. खरं आहे का ते? आणि खोबरेलापेक्षा यात असं काय आहे की एवढे पैसे मोजावे? आई रोज विचारते, "काहून पैसे घालवतं वो, आपलं खोबरेल काय वाईट होतं?" तिला द्यायला माझ्याजवळ उत्तर नाही. माहितगारांनी कृपया सांगावं.

गजरा
१४ एप्रिल, रात्री १०.१५

ताई, किती लावता ते आधी सांगा. चोपडून म्हणजे किती?

उन्हातली सावली
१४ एप्रिल, रात्री १०.२२

तळहातावर घेते, साधारण एक चहाचा चमचा असेल. चेहऱ्याला आणि मानेला मिळून.

गजरा
१४ एप्रिल, रात्री १०.४८

मग बरोबर आहे, पुळ्या येणारच. माझं सक्करदऱ्याला पार्लर आहे, अठरा वर्षं झाली. बाया येतात तेव्हा निम्म्या तक्रारी तेल जास्त झाल्याच्या असतात. चेहऱ्याला हे तेल तीन थेंब पुरे. खरंच तीन. दोन्ही तळहातांना चोळायचं आणि मग तळहात चेहऱ्यावर दाबायचे, घासायचं नाही.

दुसरं म्हणजे कोरड्या चेहऱ्यावर लावू नका. तोंड धुतलं की टॉवेलने नुसतं टिपायचं, थोडा ओलावा राहू द्यायचा, आणि त्यावर लगेच. मी गिऱ्हाइकाला बेसिनपाशीच उभं राहून लावायला सांगते. पंख्याखाली जाऊन बसलं की दोन मिनिटांत पाणी उडून जातं, मग तेल कशावर लावणार?

केसांचं उद्या लिहिते, आता दुकान आवरायचं आहे.

तेलतंत्र
१५ एप्रिल, सकाळी ६.३०

गजरा यांनी सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. का बरोबर, ते मी सांगतो. वय ७२ आहे, आयुष्य तेलातच गेलं. अमरावती रोडवरच्या आपल्या एलआयटीत, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, ऑईल टेक्नॉलॉजीला होतो. नागपूरच्या नव्या पिढीला ही संस्था नुसती नावाने माहीत असते म्हणून सांगतो, कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीतून १९४२ साली ती उभी राहिली आणि तेलाचं शास्त्र शिकवणारी देशातली जी मोजकी ठिकाणं आहेत त्यांतली ती एक. मी शिकत होतो त्या काळात जोजोबा हे नाव आम्हाला नवीन होतं. अमेरिकेने १९७० च्या सुमारास स्पर्म व्हेल माशाच्या तेलाची आयात बंद केली. यंत्रांच्या वंगणापासून क्रीमपर्यंत ते तेल वापरात होतं, त्याला पर्याय शोधता शोधता लोक या वाळवंटी झुडपापाशी पोचले. व्हेलचं तेल आणि या बियांचं तेल, दोन्हींची घडण जवळजवळ सारखी निघाली.

आता मुद्दा. जोजोबाला आपण तेल म्हणतो, पण रसायनाच्या हिशेबात ते तेल नाहीच, ते पातळ मेण आहे. खोबरेल, तीळ, शेंगदाणा, जवस, करडई, ही सगळी तेलं म्हणजे एका ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली. जोजोबात ग्लिसरॉल नाही. एक लांब मेदाम्ल आणि एक लांब अल्कोहोल, दोघांची सरळ जोडी. मधमाशीच्या मेणाची घडण याच जातीची. या तेलाचा जवळजवळ ९७ टक्के भाग असल्या मेणाचा असतो.

आपल्या कातडीतून जो तेलकट स्राव येतो, ज्याला सीबम म्हणतात, त्यातही साधारण पाव भाग असंच मेण असतं. म्हणून जोजोबा कातडीवर परकं वाटत नाही, चिकचिक न करता पसरतं. पण "हे अगदी सीबमच आहे" अशी जी जाहिरात करतात ती ओढूनताणून केलेली आहे. पाव भाग जुळतो, बाकीचा पाऊण नाही.

आणि मेण म्हटलं की काम लगेच कळतं. मेण पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवतं. माठावर झाकण ठेवल्याने माठ भरत नाही. रिकाम्या माठावर झाकण ठेवून तुम्ही आठ दिवस वाट पाहिली, बेटा. आधी माठ भरायचा.

उन्हातली सावली
१५ एप्रिल, सकाळी ८.०५

काका, खूप खूप आभार. आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती विचारते, मग खोबरेलही झाकणच ना? मग हे का?

तेलतंत्र
१५ एप्रिल, सकाळी ९.१०

आईंचा प्रश्न नेमका आहे. हो, खोबरेलही झाकणच. फरक दोन.

पहिला टिकाऊपणाचा. नागपूरच्या घरात मे महिन्यात कपाटातलं तापमान काय होतं ते पाहा. जवसाचं तेल त्या उष्णतेत उघडं ठेवलं तर आधी खवट होतं आणि पातळ थर असेल तर सुकून वार्निशसारखी पापडी धरतं. रंगाच्या कारखान्यात जवस तेल त्यासाठीच घेतात. आम्ही आयोडीन व्हॅल्यू नावाचा आकडा काढायचो, तेल हवेशी किती लवकर बिघडेल याचा अंदाज त्यावरून येतो. जवसाचा १७० च्या पुढे, जोजोबाचा ८० च्या आसपास, खोबरेलाचा जेमतेम १०. म्हणजे आकड्यात खोबरेलच सरस. पण जोजोबाची घडण मेणाची आहे आणि त्यात निसर्गतः व्हिटॅमिन ई आहे, त्यामुळे ते आकड्यावरून वाटतं त्याहून कितीतरी जास्त टिकतं. बाटली दोन वर्षं सहज चालते.

दुसरा फरक केसांत आहे आणि तिथे आई जिंकतात. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ असतं, ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी वाहून जातं. हे प्रयोगाने दाखवलेलं आहे. जोजोबा केसाच्या वरच बसतं. चमक देतं, गुंता सोडवतं, आत शिरत नाही. तेव्हा धुण्याच्या आधी खोबरेल, धुतल्यानंतर जोजोबा.

जवसफूल
१५ एप्रिल, दुपारी १.३०

काका, हे वाचून फार बरं वाटलं. माझी आजी न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावायची आणि दुसऱ्या दिवशी शिकेकाईने धुवायची. आम्ही तिला जुन्या वळणाची म्हणायचो.

हिवाळ्यात टाचांना ती टोळीचं तेल लावायची, मोहाच्या बियांचं. गडचिरोलीकडून कोणी येणार असलं की डबा भरून मागवायची. थंडीत तुपासारखं घट्ट व्हायचं, वासही उग्र, पण भेगा आठ दिवसांत मिटायच्या. टाचांना जोजोबा लावणं मला उधळपट्टी वाटते.

गजरा
१५ एप्रिल, रात्री ९.५५

केसांचं राहिलं होतं. केस धुतले, टॉवेलने पाणी टिपलं, केस अजून ओले आहेत. तेव्हा चार-पाच थेंब हातावर घ्यायचे, आणि कानाच्या खाली जे केस येतात तेवढ्यांनाच लावायचं. टाळूला नाही. मग मोठ्या दातांचा कंगवा, खालून वर. टोकं आधी मोकळी करायची, मग मधले, मग मुळाकडचे. वरून ओढत आणलं की तुटलेच.

बोअरच्या पाण्याचं म्हणाल तर त्यातला क्षार साबणाशी मिळून केसांवर थर धरतो. म्हणून डोक्याला अंगाचा साबण कधीच लावू नका. आणि शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या, महानगरपालिकेचं पाणी येत असेल तर. माझ्याकडे मानेवाडा-बेसाकडच्या नव्या ले-आऊटमधल्या कितीतरी बाया येतात, सगळ्यांची हीच रड. या दोन तांब्यांनी फरक पडतो, मी डोळ्याने पाहिलेला आहे.

कामठी रोड
१६ एप्रिल, सकाळी ११.२०

मी मुलगा आहे, वय २१. चेहऱ्यावर पिंपल्स आहेत, दाढीच्या जागी जास्त. जोजोबाने पिंपल्स जातात असा व्हिडिओ पाहिला. लावू का? मित्र म्हणतो, तेलकट चेहऱ्यावर तेल लावणं म्हणजे आगीत तेल. प्लीज रिप्लाय द्या.

फुटाळा संध्याकाळ
१६ एप्रिल, रात्री ११.००

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, नागपुरातच प्रॅक्टिस करते. धागा वाचून आनंद झाला, एरवी अशा विषयावर फार भलतंसलतं वाचायला मिळतं.

कामठी रोड, व्हिडिओमागे काय असतं ते सांगते. २०१२ साली जर्मनीत एक पाहणी झाली होती. माती आणि जोजोबा तेल यांचा लेप सौम्य मुरुमं असलेल्या लोकांनी आठवड्यातून दोन-तीनदा, सहा आठवडे लावला. मुरुमं बरीच कमी झाली. पण तुलनेला दुसरा गट ठेवलेला नव्हता, आणि लेपात माती होती, नुसतं तेल नव्हतं. त्यामुळे "जोजोबाने पिंपल्स जातात" हे त्यावरून म्हणता येत नाही.

तेलकट चेहऱ्याला एरवीही याची गरज नसते. दुखणाऱ्या, आत पू असलेल्या गाठी असतील तर तेल, लिंबू, टूथपेस्ट काही लावत बसू नकोस. खड्डे राहतात, आणि ते भरून काढायला मुरुमांपेक्षा दसपट खर्च येतो. औषध लवकर सुरू झालं की हे टळतं. याचं एक काम मात्र तुझ्या उपयोगाचं आहे. मुरुमांच्या काही औषधांनी नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे सोलवटतात. तिथे दिवसातून एकदा एक थेंब लावायला माझी हरकत नसते.

सावली, तुमच्यासाठी. गाल ओढतात, हसताना चरचरतं, याचा अर्थ चामडीचा वरचा बांध ढिला झाला आहे. फेसाळ फेसवॉश बंद करा, सौम्य घ्या, दिवसातून दोनदाच. धुतल्यावर ग्लिसरीन असलेलं साधं लोशन आणि त्यावर तीन थेंब तेल. काकांच्या भाषेत, लोशनने माठ भरायचा आणि तेलाने झाकायचा. सकाळी तेल नको, सनस्क्रीन लावा. जोजोबा ऊन अडवत नाही. "नैसर्गिक सनस्क्रीन" म्हणून जे पसरवतात त्याने मे महिन्यात लोकांचे चेहरे भाजतात.

आणि केस. नवीन केस उगवतात हा बाटलीवरचा दावा खरा मानू नका. केस मुळातून का गळतात याचा तेलाशी संबंध कमी असतो. मोठा ताप, डेंग्यू, बाळंतपण, झपाट्याने उतरलेलं वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने जातात आणि बहुतेक वेळा आपसूक परत येतात. नेमकं त्याच काळात ज्याने जे तेल लावलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. गळती सहा महिन्यांच्या वर चालली असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), थायरॉईड तपासून घ्या. मात्र लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, कित्येकांना आपल्याला तो आहे हे माहीतही नसतं, आणि त्यांना लोह कधी द्यायचं हे तपासूनच ठरवावं लागतं.

रातराणी
१७ एप्रिल, रात्री १२.४०

डॉक्टर ताई, हिंमत करून लिहिते आहे. मला एका मेडिकल दुकानातून चेहरा उजळण्याची क्रीम दिली होती. सुरुवातीला काच कशी चमकते तसा चेहरा झाला. दीड वर्ष लावली. आता एक दिवस जरी नाही लावली तरी चेहरा लालभडक होतो, आग होते, गालावर बारीक शिरा दिसतात, हनुवटीवर लव आली आहे. लग्न ठरलं आहे, डिसेंबरात. कोणी म्हणालं, क्रीम सोड आणि जोजोबा लाव, त्याने शांत होईल. लावू का?

फुटाळा संध्याकाळ
१७ एप्रिल, सकाळी ७.१५

रातराणी, लिहिलंस हे फार चांगलं केलंस. तू जे वर्णन केलंस ते स्टेरॉईड असलेल्या क्रीमने झालेलं दिसतं. रोज ओपीडीत अशा मुली पाहते, तू एकटी नाहीस आणि यात तुझी चूक नाही. असल्या क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असा नियम २०१८ पासून अधिक कडक झाला आहे, तरी त्या काउंटरवर मिळतात.

जोजोबाने हे बरं होणार नाही. सध्या त्या चेहऱ्याला काहीही सोसत नाही, तेलही झोंबू शकतं. याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि क्रीमची ट्यूब सोबत घेऊन जा, म्हणजे आत काय आहे ते कळेल. खासगी फी जड वाटत असेल तर मेडिकलला किंवा मेयोत, म्हणजे नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत, त्वचारोगाची ओपीडी आहे. क्रीम कशी सोडायची, एकदम की हळूहळू, हे तिथे ठरवतील. काही महिने जातील, पण चेहरा सावरतो. डिसेंबरला वेळ आहे.

रातराणी
१७ एप्रिल, सकाळी ९.३०

सोमवारी मेडिकलला जाते. आईला अजून सांगितलं नव्हतं, आज सांगितलं.

जवसफूल
१७ एप्रिल, सकाळी १०.०५

जा पोरी. सकाळी लवकर जा, चिठ्ठी काढायला रांग असते. आईला सोबत घेऊन जा.

लेकीची आई
१८ एप्रिल, दुपारी ३.१०

माझी मुलगी सात महिन्यांची आहे. मालिशला जोजोबा चालेल का? आणि बाळाच्या तोंडात गेलं तर?

तेलतंत्र
१८ एप्रिल, सायंकाळी ६.२०

हे तेल खाण्याचं नाही. मेण असल्यामुळे पोटात पचत नाही, जसंच्या तसं पुढे सरकतं आणि जुलाब होऊ शकतात. हाताला राहिलेला ओशटपणा चाटला तर घाबरण्यासारखं काही नाही, पण बाटली बाळाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

फुटाळा संध्याकाळ
१८ एप्रिल, रात्री १०.३०

मालिशला साधं खोबरेल पुरेसं आहे. जोजोबा वापरायचंच असेल तर आधी तुमच्या स्वतःच्या हातावर, मग बाळाच्या मांडीवर रुपयाएवढ्या जागेत लावा आणि दोन दिवस थांबा. मोठ्यांनीही कोपराच्या आतल्या बाजूला असंच करून पाहावं. याची ॲलर्जी क्वचित होते, पण होते.

आणखी एक. आत्ता सगळे कोरडेपणाबद्दल बोलून राहिले आहेत, पण जुलैत हवा बदलली की हे तेल बाजूला ठेवा. पावसाळ्यात जांघेत, काखेत गजकर्ण असलं आणि त्यावर तेल चोळलं तर ते पसरतं. डोक्यातला कोंडाही बहुतेकदा कोरडेपणामुळे नसतो. टाळूवरची एक प्रकारची बुरशी तेलावरच पोसते. तिच्यावर बुरशी मारणारा शांपू लागतो, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. कोंड्यावर रात्रभर तेल मुरवत ठेवू नका.

कामठी रोड
१९ एप्रिल, सकाळी १०.००

डॉक्टर मॅडम, तुमचं ऐकलं, तेल नाही घेतलं. अपॉइंटमेंट घेतली आहे. पण असली-नकली कसं ओळखायचं हे तरी सांगा, बहीण मागवून राहिली आहे.

तेलतंत्र
१९ एप्रिल, दुपारी १२.१५

आधी लेबलाची मागची बाजू वाच. पुढे मोठ्या अक्षरात जोजोबा आणि मागे पहिलंच नाव मिनरल ऑईल, पॅराफिन किंवा सूर्यफुलाचं असेल, तर पैसे त्याचे मोजतो आहोत असं समज. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, जे सगळ्यात जास्त ते आधी. मिनरल ऑईल विष आहे असं मी म्हणत नाही, शुद्ध असेल तर कातडीला ते काही करत नाही, पण त्याला जोजोबाचा भाव कशाला? अस्सल बाटलीवर एकच घटक असतो, सिमॉन्डसिया चायनेन्सिस सीड ऑईल.

या नावात चीन आहे म्हणून माल चीनचा असं समजू नका. झाड मूळचं सोनोरा वाळवंटातलं, म्हणजे अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोचा लगतचा भाग. एकोणिसाव्या शतकात नमुन्यावरच्या चिठ्ठीवर कॅलिफोर्नियाचं आखूड रूप लिहिलेलं होतं, ते नाव देणाऱ्याने चायना असं वाचलं, आणि ती चूक आजवर चालत आली. तिथले मूळ रहिवासी या बियांचं तेल केसांना आणि भाजल्या-कापल्या जागी लावत आले आहेत. स्पॅनिशमध्ये उच्चार होहोबा.

घरचा एक प्रयोग सांगतो. छोट्या काचेच्या बाटलीत दोन चमचे घेऊन फ्रिजमध्ये रात्रभर ठेव, फ्रीझरमध्ये नाही. अस्सल जोजोबा साधारण दहा अंशांच्या खाली गढूळ होऊ लागतं आणि सकाळपर्यंत मऊ मेणासारखं थिजतं. बाहेर काढलं की दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा पातळ, रंग पहिल्यासारखा सोनेरी. सूर्यफूल, बदाम, मिनरल ऑईल पातळच राहतात. हा पक्का पुरावा नाही, थोडी भेसळ यातून निसटते, पण निव्वळ फसवणूक मात्र उघडी पडते. बिनरंगाचं दिसलं तर लगेच नकली म्हणू नका, शुद्धीकरण केलेलं तेल तसंच असतं.

उन्हातली सावली
२० एप्रिल, सकाळी ७.४०

काका, केलं. काल रात्री आईच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून दह्याच्या भांड्याशेजारी ठेवलं. आत्ता काढलं, तर बाटली उलटी केली तरी खाली येत नाही. पिवळसर, दाणेदार, थिजलेल्या तुपासारखं. आई आणि मी ओट्याशी उभ्या राहून पाहत होतो. कडेने सुटलं, मग मधला गोळा तरंगायला लागला, आणि चहा होईपर्यंत सगळं पारदर्शक. आईने बोटावर एक थेंब घेऊन मनगटावर चोळला, वास घेतला आणि म्हणाली, "याले तर वासच नाही." म्हणजे मामेबहिणीने चांगलंच दिलं होतं, मीच लावायला चुकत होते.

संत्र्याची बाग
२४ एप्रिल, रात्री ८.००

वेगळा प्रश्न आहे, विषयात बसत नसेल तर माफ करा. काटोल तालुक्यात आमची शेती. एक जण रोपं विकायला आला होता, म्हणाला, जोजोबा लावा, पाणी लागत नाही, तेल सोन्याच्या भावाने जातं, कंपनी माल उचलेल. एकरी बरीच मोठी रक्कम आधी भरायची आहे. कोणाला अनुभव?

थारमधून
२४ एप्रिल, रात्री ११.२५

मी मूळची महालची, लग्न होऊन सीकरला आले. आमच्यापासून जवळ फतेहपूरला जोजोबाचं सरकारी फार्म आहे, पाहिलेलं आहे. भारतात हे झाड जोधपूरच्या काजरी संस्थेने १९६५ साली आणलं.

दादा, पैसे भरण्याआधी हे वाचा. झुडूप पुरुषभर उंच, पानं जाड, राखाडी-हिरवी, आणि उभी. दुपारच्या उन्हाला पानाची कड दाखवतं, पाठ दाखवत नाही, म्हणून इथल्या वाळूत टिकतं. पण यात नर वेगळा, मादी वेगळी. बी फक्त मादीला लागतं. बियांपासून केलेलं रोप नर की मादी हे फुलं येईपर्यंत ओळखता येत नाही, आणि फुलायला तीन-चार वर्षं लागतात. साधारण निम्मे नर निघतात. तोवर तुम्ही पाणी, राखण, सगळा खर्च केलेला असतो. भरघोस पिकाला त्याहून जास्त वर्षं थांबावं लागतं.

सगळ्यात मोठी गोष्ट जमिनीची. याला पाणी झटकन निचरणारी रेताड जमीन हवी. तुमच्याकडची काळी कसदार माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. मुळाशी पाणी साचलं की हे झाड जातं. इथे वर्षाचा जो पाऊस पडतो तेवढा नागपुरात एका चांगल्या जुलै महिन्यात पडतो.

तेलतंत्र
२५ एप्रिल, सकाळी ६.४५

ताईंनी सगळं सांगितलं, मी एवढंच जोडतो की बियांत निम्मं तेल असलं तरी तेल काढून उरलेली पेंड सरकीच्या पेंडीसारखी सरळ जनावराला घालता येत नाही. तिच्यात सिमॉन्डसिन नावाचं द्रव्य असतं, जनावर खाणंच कमी करतं. म्हणजे पेंडीचे पैसेही धरू नका. आणि आधी रक्कम मागणाऱ्याला एवढंच विचारा, तुमच्या रोपांपासून विदर्भात फळलेली एक बाग दाखवा.

संत्र्याची बाग
२५ एप्रिल, रात्री ९.३०

विचारलं. म्हणे पुढच्या महिन्यात दाखवतो. आम्ही संत्र्यावरच राहतो. लय आभारी आहे ताई, काका.

उन्हातली सावली
२ जून, रात्री १०.१०

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, आज संपला, म्हणून लिहायला बसले. सव्वा महिना झाला. फेसवॉश बदलला, रात्री लोशन आणि त्यावर तीन थेंब, बेसिनपाशीच. कपाळावरच्या पुळ्या दहा-बारा दिवसांत गेल्या. गाल आता ओढत नाहीत. एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती सांगते. शनिवार-रविवार घरी असते, कूलर चालू असतो, तेव्हा चेहरा चांगला राहतो. सोमवारी ऑफिसच्या एसीत दुपारीच ओठ सुकतात. कूलरच्या हवेत ओलावा असतो, एसी हवेतला ओलावा काढून घेतो, याच्यामुळेच असेल ना? आता पर्समध्ये छोटी बाटली ठेवते, दुपारी तोंड धुवून ओठांना अर्धा थेंब.

केस गळायचे ते तेवढेच गळतात. हिमोग्लोबिन तपासलं, ९.२ निघालं. सिकलसेलची तपासणी नॉर्मल आली, मग डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पण केसांची टोकं मऊ आहेत आणि कंगवा फिरतो. न्हाण्याआधी खोबरेल आईच लावून देते.

फुटाळा संध्याकाळ
३ जून, सकाळी ७.००

हो, एसीमुळेच. गोळ्या मध्येच सोडू नका, हिमोग्लोबिन भरलं तरी सांगितलेले महिने पूर्ण करा. केसांचा फरक दिसायला दिवाळी येईल.

रातराणी
९ नोव्हेंबर, रात्री ९.००

धागा शोधून वर काढला. मेडिकलला सात महिने उपचार चालले. पहिले दोन महिने फार वाईट गेले, घराबाहेर पडत नव्हते. आता आग होत नाही, लाली बरीच गेली. शिरा थोड्या आहेत. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात साधं लोशन आणि वर एक-दोन थेंब जोजोबा लावायला परवानगी दिली, आधी हातावर पाहून. झोंबलं नाही. लग्न १२ डिसेंबरला आहे. मेकअपवालीला आधीच सांगून ठेवलं आहे की चेहऱ्यावर आधी काही फासायचं नाही, फेशियल नाही, ब्लीच नाही.

गजरा
९ नोव्हेंबर, रात्री ९.४०

एक नंबर काम केलंस. मेकअप उतरवायला तेच जोजोबा वापर, कापसावर घेऊन डोळे मिटून हलक्या हाताने. काजळही निघतं. मग सौम्य फेसवॉशने धुवून टाक. मेकअपवाली ऐकली नाही तर मला कळव, मी येते तुझ्या लग्नाला.

उन्हातली सावली
२८ डिसेंबर, सकाळी ७.२०

काका, आज बाल्कनीतल्या फळीवर ठेवलेली बाटली पाहिली तर पूर्ण थिजली होती. रात्री पारा आठवर गेला होता. आईने मला हाक मारली, "ये पाय, तुह्या तेलाचं तूप झालं." खराब तर झालं नसेल ना? आणि टाचांना भेगा पडल्या आहेत, जवसफूल ताई, ते टोळीचं तेल नागपुरात कुठे मिळेल?

तेलतंत्र
२८ डिसेंबर, सकाळी ८.३०

काही झालं नाही. कोमट पाण्याच्या वाटीत बाटली दहा मिनिटं उभी कर, गॅसवर तापवू नकोस. आणि ती बाल्कनीतून आत घे, थंडीसाठी नव्हे, उन्हासाठी.

जवसफूल
२८ डिसेंबर, सकाळी ११.००

सावली, बाजारात शोधू नकोस, माझ्याकडे अर्धा डबा आहे. महालात कधी येते ते सांग, बाटली घेऊन ये. रात्री पाय कोमट पाण्यात ठेवायचे, पुसायचे, ओलसर असतानाच लावायचं आणि वरून सुती मोजे.